फलकाखालची बडबड

ग्रंथपालांचे दोन गोष्टींवर निरतिशय प्रेम होते: जुन्या वळणाचे गद्य आणि शांतता. तिसरी गोष्ट म्हणजे त्यांची पत्नी. परंतु तिचे तोंड क्षणभरही मिटत नसल्यामुळे दुसरीचे आणि तिसरीचे एका छपराखाली जमत नसे.

सीमेपलीकडे लढाई पेटली आणि घरदार गमावलेली माणसे गावाबाहेरच्या छावणीत येऊन राहिली, तेव्हा कायमचा पत्ता न विचारता त्यांना सभासद करून घ्यावे, म्हणून ग्रंथपाल वाचनालयाच्या मंडळाशी हट्टाने भांडले. "ज्यांचे घरच गेले त्यांच्याकडे पत्ता मागणे, म्हणजे बुडणाऱ्याकडे आधी होडीचे भाडे मागणे होय," असे ते म्हणाले. ते आणखी बोलतील या धास्तीने मंडळाने ठराव तत्काळ मंजूर केला.

पहिली सभासद झाली एक शिंपीण. दुकान, शिलाईयंत्र, गिऱ्हाइके सारे मागे राहिले होते; सोबत आली ती एक कात्री आणि धाकटी लेक. तिला इथली भाषा शिकायची होती. ग्रंथपालांनी बोलीभाषेच्या पुस्तिका बाजूला सारल्या आणि शतकापूर्वीच्या निबंधांचे कपाट उघडले. "पाया भक्कम हवा!" हिवाळा सरेतो तिने ते कपाट संपवले.

एका शनिवारी ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"महाशय, सोमवारी प्रातःकाळी कपड्यांच्या कारखान्यात माझी मुलाखत योजिली आहे. ही संधी हुकल्यास आम्हां मायलेकींस छावणीबाहेर निवारा मिळण्याची आशा उरणार नाही."

ग्रंथपाल कृतकृत्य झाले. डबा घेऊन आलेली पत्नी मात्र दारातच थबकली.

"अहो, काय करून ठेवलंत हे? ही बाई बोलते की ताम्रपट वाचते?"

"शुद्ध बोलते."

"काल भाजीवाल्याला म्हणाली, 'हे विक्रेत्या, या टोमॅटोंचे मूल्य किंचित न्यून करशील काय?' त्याला वाटलं, वरून तपासणी आली! काटाच झाकून ठेवला त्यानं."

"त्याने मला टोमॅटो विनामूल्य दिले," शिंपीण कोड्यात पडून म्हणाली. "कारण मज उमगले नाही."

"कारखान्यातला मुकादम काय असा बोलणार आहे? ऐक गं. ती बाही उसव पटकन, गळा सैल झालाय, आणि रीळ संपलंय ते बघ आधी!"

शिंपिणीचा चेहरा कोरा पडला. सारे आयुष्य जिने बाह्या उसवल्या, तिला बाही उसव म्हटलेले कळले नव्हते.  ग्रंथपालांनी वाचनकक्षातली एक खुर्ची ओढून पत्नीपुढे ठेवली.

"बोल."

"इथे?"

"इथेच. तुला येतं तसं. थांबू नकोस."

लग्नापासून ज्याची वाट पाहिली ते वाक्य कानी पडताच ती ठाण मांडून बसली. शेजारच्या मावशींनाही तिने बोलावून घेतले. रविवारीही दार उघडे राहिले. सासू, शिवण, घरमालक, चोरीला गेलेली छत्री, काही सुटले नाही; शिंपीण प्रत्येक वाक्य मागोमाग म्हणत राहिली. कोपऱ्यातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतले.

"फलकावर 'शांतता राखा' लिहिलंय ना?"

"लिहिलंय," ग्रंथपाल म्हणाले. "आपण वाचलंत, फार उत्तम झालं."

सोमवारी दुपारी शिंपीण लेकीचा हात धरून आत आली.

"मुकादम म्हणाला, बाही लावून दाखव. मी म्हटलं, दाखवते की, त्यात काय एवढं! लावली. त्याला आवडली. तरी म्हणे, छावणीतली आहेस, यंत्रावर नको, धागे कापायला बस."

"मग?" पती-पत्नी एकदम म्हणाली.

"मग मी कपाटातलं काढलं. म्हटलं, 'महोदय, ज्या हातांचे कौशल्य आपण स्वमुखाने मान्य केले, त्यांस यंत्रापासून दूर ठेवणे न्यायास धरून नाही.' तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला! उद्यापासून यंत्रावर."

ग्रंथपालांनी विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहिले. तीही नेमक्या त्याच मुद्रेने त्यांच्याकडे पाहत होती.

"छावणीत आणखी पाचजणी आहेत," शिंपीण म्हणाली. "त्यांनी आधी कुणाकडे बसायचं?"

"माझ्याकडे!" दोघेही गरजली, आणि त्यानंतर जो वाद जुंपला तो ऐकण्यासाठी पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घालून खुर्ची जवळ ओढली.