कलती मान

दुरुस्तीवाल्या बाईंनी दिव्याच्या मानेला हात घातला, तशी मावशी खुर्चीवरून उठली. संग्रहालयात पहारा करून करून, वस्तूला कोणी हात लावला की उठायचं हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं.

"वाकडा झालाय हो," बाई म्हणाल्या. "नव्या प्रदर्शनात मांडायचाय. सरळ करायला हवा."

टेबलावर ठेवायचा साधाच दिवा तो. पोलादी दांडा, वर पांढरी टोपी. पण एका नामांकित कलाकाराने बेतलेला, म्हणून चौथऱ्यावर बसलेला. मान मात्र डावीकडे कललेली. दालनात एकटं असलं की आपलं बोलणं कोणीतरी कान देऊन ऐकतंय असं वाटायचं, त्यामुळे इथला पहारा सगळे टाळत. मावशीने तो हौसेने मागून घेतला होता.

तिचा नवरा कारखान्यात याच दिव्यांच्या माना बसवायचा. उजव्या कानाने ठार बहिरा. डावा कान पुढे करता करता त्याची स्वतःची मानच कलती झाली, आणि मग त्याला कलता दिवाच सरळ दिसू लागला. तपासनीस त्याचे दिवे परत पाठवून कावला होता. तरी एखादा नजरेतून सुटायचाच. असा सुटलेला एक, नवरा गेल्यावर, मावशीला इथे भेटला. मग दालन रिकामं झालं की ती डाव्या अंगाला उभी राहून हळूच म्हणायची, "अहो, ऐकलंत का?" आणि सुनेच्या कुरबुरीपासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून मोकळी व्हायची. जिवंतपणी त्याने इतकं निमूट कधी ऐकून घेतलं नव्हतं.

"तो नंतर वाकडा झालेला नाही," ती आता म्हणाली. "आमच्या ह्यांनी बसवलाच तसा."

बाईंचा हात थांबला. त्यांनी सगळं विचारून घेतलं, मावशीने सांगितलंही. ऐकताना बाईंचा चेहरा उतरला.

"पण मावशी, बेतणाऱ्याने तो सरळच बेतला होता ना?"

"हो. ह्यांची चूकच ती. तेवढी राहू द्या."

चूक राहू द्यायची परवानगी आपल्याला कोण देणार, असं बाई पुटपुटल्या आणि त्यांनी स्क्रू पिळला. दिवा ताठ झाला. देखणा दिसत होता, हे मावशीलाही नाकारता येईना.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती नेहमीसारखी जवळ गेली. डाव्या अंगाला उभी राहून "अहो" म्हणाली. समोर नुसता एक दिवा होता. ती खुर्चीवर येऊन बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे दुसरं कुठलंही दालन मागितलं. साहेब हसले. शेवटी तुम्हीही घाबरलात म्हणायचं, आहे तरी कोण तिथे, असं त्यांनी विचारलं.

"आता कोणी नाही, साहेब," मावशी म्हणाली, आणि दालनाची किल्ली तिने त्यांच्या टेबलावर ठेवली.