गॅस बंद करून ऐकलेला धडा

कुरुळीतल्या दोन खोल्यांच्या घरात तव्यावर भाकरी पडली आहे. कोपऱ्यावर पहिल्या शिफ्टच्या कामगारांची बस हॉर्न देत आहे आणि लोणच्याच्या बरणीला टेकून मी उभा आहे. मित्रांनो, मी आरोग्य उपकेंद्राचा टॅब. काचेच्या कोपऱ्याला तडा गेलेला, आता जुना म्हणावा असा.

एका कारखान्यात सुटे भाग जोडून मला घडवले. उपकेंद्रात आलो तेव्हा मला हळदकुंकू लागले, पेढे वाटले गेले. मग मी कपाटात गेलो. क्षयरोग कार्यक्रमाच्या नोंदी कागदावरच बऱ्या, असे सर्वांचे मत होते. आरोग्य सेविका तनुजाताईंनी मला बाहेर काढले, तेही ऑनलाइन प्रशिक्षणाची सक्ती झाली म्हणून.

प्रशिक्षण असे चाले: ताईंच्या घरी, आवाज बंद केलेला मी बरणीपाशी बोलत राही, ताई भाकऱ्या थापत आणि परीक्षेची उत्तरे शेजारच्या उपकेंद्रातल्या कुसुमताई ग्रुपवर टाकत. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. ग्रुपवर फुलांचा सडा पडला आणि मी पुन्हा कपाटात गेलो.

मग एके दिवशी आदिनाथ आला. लातूरकडचा हा तरुण चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. त्याचे क्षयरोगाचे उपचार निम्म्यावर आले होते.

"सिस्टर, ठेकेदारानं मारुंजीला टाकलंय. उद्याच खोली बदलतोय. गोळ्यांत खंड तर पडायचा न्हाई ना?"

"नाही पडणार," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला हातात घेतले.

त्याची नोंद माझ्यातून मारुंजीच्या केंद्राकडे पाठवायची होती. ती गेली नाही तर तिथे त्याची वाट कोणी पाहणार नव्हते, आणि औषध अर्धवट सुटले तर आजार उलटणार होता. धड्यात हेच शिकवले होते. ताईंची बोटे माझ्यावर नुसतीच फिरत राहिली. त्यांनी कुसुमताईंना फोन लावला.

"मला कुठं येतंय, बाई? मीही उत्तरं दुसऱ्या ग्रुपवरून उचलते. आणि तुम्हाला तर पैकीच्या पैकी आहेत, मॅडम."

"गुण आहेत गं. येत काहीच नाही," ताई म्हणाल्या आणि हसल्या. हसू टिकले नाही.

त्या दुपारी उपकेंद्राचे दार लोटून त्यांनी तोच धडा पहिल्यापासून लावला. जिथे अडल्या तिथे थांबवला, मागे नेला, पुन्हा ऐकला. तेच तेच सांगायचा मला कधी कंटाळा येत नाही; आम्हा यंत्रांचा तेवढा एक गुण मानाच. संध्याकाळच्या आत नोंद गेली. दुसऱ्या दिवशी मारुंजीहून फोन आला. आदिनाथ आला होता, त्याच्या गोळ्या तयार होत्या.

मित्रांनो, मला जपायचे म्हणजे नुसती काच पुसायची नव्हे. माझ्यात जे ठेवले आहे, ते काढून घ्या. कपाटात राहून ते कोणाच्याच कामी येत नाही.

आज नवा धडा आला आहे. तो सुरू होण्याआधीच माझ्या पडद्यावर कुसुमताईंची उत्तरे झळकली. ताईंनी ती उघडली नाहीत. तव्यावरची भाकरी उतरवली, उरलेल्या पिठावर ताट झाकले, गॅस बंद केला आणि माझा आवाज वाढवला.