दुसरी वेलांटी

कालिंदीनं ओलं फडकं देवळाबाहेरच्या फळ्यावर आपटलं आणि 'आनंदमय कोश' खसाखसा घासून काढला. आनंद गेला, मय गेलं. कोश तसाच राहिला, पांढुरका. तिनं पुन्हा घासला. फळ्याचा काळा रंग फडक्याला लागला.

"अगं, फळा पुसतेस की कातडी सोलतेस?" देवळाचे पुजारी त्र्यंबकभट मंडपातून ओरडले.

"कातडीच. पाच सोलून झाल्या. आता आत काय निघतं ते बघते."

*सोमवार. अन्नमय कोश.*

खाल्लेल्या अन्नाचं शरीर, ही माणसाची पहिली खोळ, असं अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे तिचे वडील, यज्ञेश्वरपंत, निवृत्त मास्तर. आठवडाभर देवळात योगशास्त्रावर बोलत होते. गाडीवान गुरुसिद्धची पहिली खोळ महिन्यापूर्वी शाहूपुरीच्या वळणावर गुळाच्या ढेपांत पडली. इनामदारांची मोटार त्याच्या अंगावरून गेली.

*मंगळवार. प्राणमय कोश.*

श्वास. गुरुसिद्धचा किती वेळ चालू होता, ते एकट्या अप्पांना माहीत. फिरायला गेलेले अप्पा परत आले तेव्हा धोतराला रक्त होतं आणि गूळ. मोरीत उभे राहून म्हणाले, "मोटार चुकीच्या बाजूनं आली, कालिंदी. तो शुद्धीत होता. बैलांपुढं नीट चालत होता. मी पाहिलं."

*बुधवार. मनोमय कोश.*

मन इकडं ओढतं, तिकडं ओढतं. इनामदार देवळाच्या पंचांचे प्रमुख. व्याख्यानं त्यांची, सतरंज्या त्यांच्या, अप्पांच्या गळ्यातला हार त्यांचा. पोलिसांना अप्पांनी सांगितलं, नीट दिसलं नाही.

*गुरुवार. विज्ञानमय कोश.*

बुद्धी निश्चय करते. अप्पांच्या बुद्धीनं केला.

*शुक्रवार.*

फळा लिहून कालिंदी घरी निघून गेली.

आज शनिवार. सोमवारी कोर्टात तारीख. मोटारवाल्याचं म्हणणं, गुरुसिद्ध दारू पिऊन स्वतःच आडवा आला. कालिंदी वकिलाकडं जाऊन आली होती. "तुम्ही पाहिलंत का?" वकिलानं विचारलं. "वडिलांकडून ऐकलेलं चालत नाही, बाई."

दुपारी जेवताना ती म्हणाली होती, "अप्पा, तारीख परवावर आली."

अप्पांनी ताकाचा भुरका घेतला. "आत जो बसलाय ना, तो फक्त पाहतो. करत नाही, भोगत नाही. तो साक्षी. हे एकदा उमगलं की..."

"की इनामदारांची सतरंजी मऊ लागते."

आणि ती ताटावरून उठली होती.

आता तिनं खडू घेतला. *सायंकाळी सहा वाजता. यज्ञेश्वरपंत. साक्षी.* अक्षर अप्पांनीच वळण लावलेलं, गोल. ती बघत राहिली. मग तिनं अंगठा टेकवला आणि दुसरी वेलांटी पुसून टाकली.

*साक्ष.*

रस्त्यानं गुरुसिद्धचा भाऊ रुद्राप्पा चालला होता. तो थांबला. एकेक अक्षर लावून त्यानं वाचलं.

"ताई, ह्ये खरं हाय?"

"फळ्यावर आहे ना? मग खरंच."

सहाला मंडप भरला. इनामदार खुर्चीत. पुढच्या सतरंजीवर, इतर दिवशी जिथं पेन्शनर बसत, तिथं गुरुसिद्धची बायको दानम्मा. अप्पांनी फळा पाहिलाच नव्हता. विषय त्यांचाच होता.

"सज्जनहो, आज साक्षी..."

दानम्मा उठली. हात जोडले. "सांगा, मास्तर."

"बाई, बसून घ्या."

"बसाय न्हाय आलो. तुमी साक्ष देनार म्हून भायेर लिवलंय की! माझा मालक दारू प्यालता म्हंत्यात. गळ्यात लिंग बांधल्याला मानूस त्यो. तुमी बगितलंसा न्हवं?"

"तसं नाही, बाई. साक्षी म्हणजे आत बसलेला, नुसता पाहणारा..."

"आत बसून काय करतोय त्यो?" मागून रुद्राप्पा गरजला. "भायेर काडा की त्येला!"

कुणीतरी हसलं. इनामदारांची काठी फरशीवर वाजली आणि हसणं तुटलं.

"मास्तर, फळ्यावर चूक झालेली दिसते. दुरुस्त करा आणि पुढं चला."

अप्पा पायऱ्या उतरले. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. त्यांनी फळा वाचला. मग फळ्याशेजारी उभ्या कालिंदीचा अंगठा पाहिला. पांढरा होता.

"खडू," ते म्हणाले.

तिनं एक तुकडा दिला. काना. वर कमान. मास्तरांची वेलांटी, पुस्तकात असते तशी. *साक्षी.*

इनामदार खुर्चीत मागं रेलले. दानम्मानं जोडलेले हात सोडले. कालिंदीनं दात आवळले आणि पाठ फिरवली. दोन पावलं गेली.

खडू अजून वाजत होता.

ती वळली. वेलांटीच्या पुढं द. त्याला काना. आणि तिथंच खडू मोडला, तुकडे पायरीवर पडले. *साक्षीदा*, एवढंच फळ्यावर. इनामदार उठून उभे राहिले होते.

अप्पांनी मान न वळवता हात मागं केला. तळवा उघडा.

दुसरा खडू कालिंदीच्या मुठीतच होता. तिनं तो लगेच दिला नाही. राहू देत उभे. जरा राहू देत असेच, हात पसरून, सगळ्यांदेखत.