मयताला येणारी बँक

“बारा महिने तीच बारा थोबाडं. तारीख बघायची तर चष्मा लावून शोधा!” रेजिनावहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या.

आम्ही दोघी जावा सांडोर गावातल्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी कांदा चिरत बसलो होतो. समोर भिंतीवर गावच्या बँकेचं कॅलेंडर. वर सगळं संचालक मंडळ सुटाबुटात, तारखा खाली मुंगीएवढ्या. डावीकडून तिसरं थोबाड वहिनींच्याच नवऱ्याचं, म्हणजे आमच्या फर्डिनंडदादांचं. निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही.

आता बाहेरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरला होता. विद्यार्थी दोनच, धाकटा दीर सिप्रियन आणि त्याची बायको रिटा.

रिटाने वालीवला गाळा घेऊन पिशव्या शिवायचं काम काढलं होतं. पाच मुली शिवायला. मुंबईची कंपनी माल वेळेवर उचलायची, पैसेही वेळेवर द्यायची, पण चेकने. आणि तो चेक गावच्या बँकेतून वटून यायला वीस-वीस दिवस. तोवर मुलींना पगार कुठून द्यायचा? दोघी शेजारच्या गाळ्यात निघून गेल्याच होत्या. तिसरी गेली की ऑर्डर गेली. म्हणून रिटाला खातं स्टेशनजवळच्या मोठ्या बँकेत हलवायचं होतं. गाळा सिप्रियनच्या नावावर, त्यामुळे सही त्याची लागणार. आणि सिप्रियन लग्नाला वीस वर्षं झाली तरी ‘दादा म्हणेल तसं’च्या पुढे सरकला नव्हता.

“मला एक सांग,” दादांनी बोट वर केलं. “ती मोठी बँक मयताला येते?”

झालं. आमच्या गावात या प्रश्नापुढे कुणाचं चालत नाही. सभासद गेला की गावच्या बँकेचा मॅनेजर स्वतः फुलांचं चक्र घेऊन हजर. त्यावर सोनेरी अक्षरांत बँकेचं नाव, मागे दोन क्लार्क मान खाली घालून पार सिमेट्रीपर्यंत. लोक त्यावरूनच बँक निवडतात. व्याज किती, कर्ज कुणाला देतात, कुणाकडून वसूल करत नाहीत, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा. चक्र केवढं होतं, हे मात्र सगळ्या आळीला पाठ.

“दादा, मी अजून जिवंत आहे,” रिटा म्हणाली. “मला शनिवारी पगार वाटायचाय.”

“बघ, कशी बोलते! तिथं तुला ओळखतं कोण? नुसता टोकनचा नंबर. इथं माणूस म्हणून किंमत आहे.”

“किंमत आहे, चेक तेवढा वटत नाही.”

मी कांद्यावर मान घातली. कारण त्या मोठ्या बँकेत दादांना ओळखणारं माणूस निदान एक तरी होतं. मी. पाच तारखेला रांगेत ते माझ्या पुढेच उभे होते. मला बघून त्यांनी छताचा पंखा न्याहाळला, मी दोरीला बांधलेलं पेन न्याहाळलं. तेवढा वेळ आम्ही दीर-भावजय नव्हतो. सिप्रियनलाही मी तिथंच पाहिलंय, खांबाआड. एवढं मोठं शरीर, पण खांब बारीक. घरी मात्र सगळे ‘आपली बँक, आपली बँक’. बुडणाऱ्या होडीला टाळ्या वाजवाव्यात, त्याही काठावर बसून.

“सिप्रियन, सही कर ना,” रिटा म्हणाली. आता आवाज जरा फाटला होता. “शिवायला येणारी मार्था उद्या विचारणार आहे, थांबू की जाऊ.”

सिप्रियनने पेन उघडलं, दादांकडे पाहिलं, पुन्हा बंद केलं. “दादा काय म्हणतो...”

“घराण्याची अब्रू आहे,” दादा म्हणाले. “संचालकाच्या घरातलंच खातं उठलं तर गाव काय म्हणेल?”

माझ्या शेजारी विळी आडवी झाली. वहिनी उठल्या आणि कांद्याचेच हात घेऊन बाहेर गेल्या. डोळे वाहत होते. कांद्यानेच, असं मी अजूनही धरून चालते.

“कर सही, सिप्रियन,” त्या म्हणाल्या. “आमचे पैसे स्टेशनजवळच्या बँकेत आहेत. आत बसलीय ना, तिचेही तिथंच. तुझेही. गावच्या बँकेत या घराचा नुसता फोटो आहे.”