दुपारची झोप

मंदाकिनीबाईंनी दारावरच्या घंटीचा स्विच बंद केला आणि संध्याकाळचा कुकर आत्ताच लावायचा बेतही रद्द केला. शिट्टीने झोपमोड व्हायला नको.

आतल्या खोलीत दीनानाथ तीन उशांना टेकून झोपले होते, आणि चक्क खोकत नव्हते. स्वारगेटच्या या घरात तो खोकला कित्येक वर्षं भाडं न देता राहत होता. सिगारेट कधीच सुटली, पण तिने मागे ठेवलेला खोकला काही सुटला नाही. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणत. दीनानाथ म्हणत, "ही माझी पेन्शन. मरेपर्यंत मिळणार."

गेल्या आठवड्यात मंदाकिनीबाई भजनी मंडळातून सर्दी घेऊन आल्या. दोन दिवस शिंकल्या, आल्याचा काढा प्यायल्या आणि पिशवी घेऊन भाजीला गेल्या. मग तीच सर्दी दीनानाथांकडे गेली आणि तिथे मुक्काम ठोकून बसली. ताप, धाप आणि रात्रंदिवस खोकला. मुलाचा, आमोदचा, कात्रजहून फोन आला, "बाबा, ॲडमिट करू या का?"

"सर्दीसाठी? लोक हसतील," दीनानाथ म्हणाले, आणि एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

कालची रात्र दोघांनी बसून काढली होती. आणि आज जेवणं झाल्यावर हे असं, एकदम शांत.

दारावर हलकी टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे वैजनाथराव उभे होते.

"आज खाली काहीच ऐकू येत नाही. आकाशवाणीला सुट्टी का?"

"हळू बोला हो. आत्ता कुठे डोळा लागलाय. काढा लागू पडला बहुतेक."

"मग झोपू द्या. दुपारी माणसाला उठवण्यासारखं पाप नाही," वैजनाथराव म्हणाले, आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.

मंदाकिनीबाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मग बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडव्या झाल्या. किती दिवसांनी त्यांनाही गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी चहा टाकला, कप घेऊन आत गेल्या.

"अहो, उठा. चहा आणलाय."

दीनानाथांनी डोळे अर्धवट उघडले. "गाडी आली का?" त्यांनी विचारलं, आणि डोळे पुन्हा मिटले. कप खाली ठेवून मंदाकिनीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. नखं निळी पडली होती.

हॉस्पिटलात आमोद कागदपत्रांसाठी धावत होता. मंदाकिनीबाई बाकावर बसून होत्या. तरुण डॉक्टरीणबाई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"मलाही तेच झालं होतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "माझी साधी सर्दी होती हो. दोन दिवसांची."

"व्हायरस तोच असेल, आजी. पण त्यांच्या फुफ्फुसांत आधीच शिल्लक काही नव्हतं. तुम्हाला जे सोसलं ते त्यांना नाही सोसलं."

"पण दुपारी बरं वाटत होतं. खोकला थांबला होता."

"खोकायलाही ताकद लागते, आजी. ती संपली होती. आत कफ साठत गेला, आणि त्यांना गुंगी आली."

"मी बेल बंद केली होती," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी नुसता मंदाकिनीबाईंचा हात धरला. बुधवारी पहाटे दीनानाथ गेले.

त्यानंतर घर फार मोठं झालं. वैजनाथराव दिसले की मान खाली घालून निघून जात. त्या दुपारबद्दल मंदाकिनीबाई कुणाशी बोलल्या नाहीत. आमोदशीही नाही. बोललं तर तो "तुझा काय दोष, आई" असंच म्हणणार, आणि ते त्यांना ऐकवलं नसतं.

दिवाळीनंतर नातीला सर्दी झाली. शाळा बुडाली, आणि सून कादंबरी ऑफिसला जाताना ओवीला आजीकडे सोडून गेली. "काही नाही आई, साधी आहे. डॉक्टरांना दाखवलंय. झोपली की बरं वाटेल तिला."

ओवी वरणभात जेवली, थोडी खोकली, आजोबांच्या पलंगावर आडवी झाली आणि झोपली. खोलीत काहीच आवाज उरला नाही. मंदाकिनीबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी ओवीच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. नखं पाहिली, गुलाबी होती. तरी त्यांच्याने राहवेना.

"ओवी. ए ओवी. खोक गं जरा."

"आजी, झोपू दे ना. मला येतच नाहीये खोकला."

"माझ्यासाठी. एकदाच."

ओवीने डोळे न उघडता खोटं खोटं खोकून दाखवलं आणि कूस बदलली. मंदाकिनीबाईंनी तिचं पांघरूण सारखं केलं. थोडा वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पुन्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओवी."