न ओरडणारी जखमी

माझी आत्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात सुरक्षा अधिकारी आहे. तिचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, त्यामुळे तिचं कौतुक कशाचं करायचं ते लोकांना कळत नाही. मला मात्र कळतं. कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की ती आधी मागे वळून दाराकडे बघते, आणि इथून बाहेर कसं पडता येईल ती वाट डोळ्यांनीच एकदा चालून येते. डोळे धुवायचा नळ ती स्वतः सोडते आणि पाणी नितळ येईपर्यंत वाहू देते. कुणाच्या हातून बाटली फुटली, कुणाचं बोट भाजलं, तर तो लपवत नाही, तिच्याकडे धावत येतो. कारण जो सांगतो त्याच्यावर ती रागावत नाही आणि त्याचं बोलणं कधी खोटंही धरत नाही. "चूक झाली तर बघून घेऊ," ती म्हणते, "लपवलीत तर मात्र गाठ माझ्याशी आहे."

मी घरात घुमी म्हणून प्रसिद्ध आहे. बाबा म्हणतात, हिला बोलतं करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. त्यामुळे विभागातल्या संकटात बाहेर पडायच्या सरावासाठी आत्याने खोटी जखमी म्हणून मला नेलं, तेव्हा तिथले संशोधक विद्यार्थी हसले, सगळ्यात मोठ्याने एक लंबू आणि एक चष्मेवाली ताई.

"हसा," आत्या म्हणाली. "जखमी माणूस ओरडतोच असं नाही. न ओरडणारा माणूस तुम्हाला सापडतो का, तेच मला बघायचंय."

सराव सोपा होता. घंटा झाली की सगळ्यांनी अंगणात जायचं. दोघांनी जखमीला शोधून स्ट्रेचरवरून खाली आणायचं. शेवटी आत्या एकटी प्रत्येक मजल्यावर जाऊन दारातून विचारणार, "कोणी आहे का आत?" उत्तर आलं नाही तर दार लावून घ्यायचं, आलं तर दाराला लाकडी पाचर लावून, ते उघडं ठेवून, आत जायचं. मला एकच नियम होता: कुणी अंगाला हात लावेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. असले नियम मला जन्मजात येतात.

मी तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलाखाली आडवी झाले. फरशी गार होती, स्टुलाच्या पायाशी कुणाच्या तरी पेनाचं टोपण पडलं होतं. घंटा झाली, बूट धावले, जिना गजबजला आणि मग शांत झाला. थोड्या वेळाने बुटांचे दोन जोड आत आले. एक लंबूचे, कारण इतके मोठे पाय दुसऱ्या कुणाचेच नव्हते. दुसरे चष्मेवाल्या ताईचे. ते माझ्याकडे येता येता पलीकडच्या टेबलाशी थांबले.

"सापडली!" लंबू म्हणाला.

"घाबरू नकोस हं, आम्ही आहोत," ताई कुणाला तरी म्हणाली. "अगं बाई, हात किती गार पडलेत हिचे!"

स्ट्रेचर उघडल्याचा आवाज झाला. बूट परत निघाले. येताना भरभर आलेले, जाताना ओझं घेऊन चालावं तसे सावकाश. मला वाटलं, हाही सरावाचाच भाग असेल, एखादा पुतळा ठेवला असेल. मग दारातून आत्याचा आवाज आला, "कोणी आहे का आत?" मी ओठ घट्ट मिटले. नियम म्हणजे नियम. दार लागलं.

बराच वेळ कुणी आलं नाही, तेव्हा मी उठले आणि जिना उतरून अंगणात आले. जखमीला बसवायला मांडलेल्या खुर्चीवर एक ब्लँकेट कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं पडलं होतं.

"काय गं, पळालीस कुठे?" लंबू म्हणाला. "पण मानलं तुला! जिन्यात काय कण्हत होतीस! नाटकात जा तू."

मी ब्लँकेटला हात लावला. आतल्या बाजूने ते फरशीइतकं गार होतं.

आत्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. "बोला, काय चुकलं?"

सगळ्यांच्या मते काही चुकलंच नव्हतं. या एका दिवसासाठी आत्या किती राबली होती ते मला माहीत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर आता कुठे हसू फुटत होतं. मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. पण लपवलं तर गाठ तिच्याशी होती. मी हात वर केला.

"आत्या, मला कुणी आणलंच नाही. मी आतच होते."

"मग आम्ही काय भूत उचलून आणलं?" लंबू हसला. ताई हसली नाही. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

आत्या माझ्यासमोर उकिडवी बसली. "कुठे होतीस?"

"खिडकीजवळच्या टेबलाखाली. यांना सापडली ती पलीकडच्या."

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलंस, फार चांगलं केलंस." इतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता. मग ती उठली आणि हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळू लागली.

"मॅडम, पण ती तर इथेच उभी आहे," ताई म्हणाली.

"हो. पण जिला तुम्ही खाली आणलंत, ती कुठे आहे?"

सगळे खुर्चीकडे बघू लागले. आत्या आत गेली.

जिन्याच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे तिचा आवाज खाली स्वच्छ येत होता. पहिल्या मजल्यावर तिने विचारलं, थांबली, दार लागलं. दुसऱ्यावरही तसंच. मग तिसऱ्या मजल्यावर तिने विचारलं, "कोणी आहे का आत?"

"मी आहे, आत्या," वरून उत्तर आलं. बोलायची सवय नसलेल्या मुलीने अडखळत द्यावं तसं.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जाऊ नकोस, असं ओरडायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो वर होता.

"आले हं, घाबरू नकोस," आत्या म्हणाली. तिची पावलं आत गेली, आणि दार अलगद लागलं.

आम्ही सगळे अजून वर बघत उभे आहोत. मला काळजी वाटायला नको. आत्या कधीच कुणाला आत सोडून येत नाही.