कलम कुणी कापलं?

सरांना झाडाचं नाव विचारायची खोटी, की ते पान बघून त्याची अख्खी कुळी सांगत. तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस तो! म्हणूनच तर लेकीकडे वर्षभर राहायला जाताना वहिनींनी बागेत माळी असूनही आपला जपानी मेपल या दिराच्या हवाली केला. सरांच्या थोरल्या भावानं वारण्याआधी बांधलेलं ते शेवटचं कलम. पानं लालभडक, झालरीसारखी कातरलेली.

वहिनी परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी नर्सरीवालीला घेऊन बागेत आल्या. जात नक्की ओळखून झाडाला पाटी लावायची होती. नर्सरीवाली सरांचीच जुनी विद्यार्थिनी.

झाड पुरुषभर उंच, हिरवंगार. "लाली मागाहून चढते," सरांनी ऐटीत सांगून टाकलं.

तिनं एक पान तळहातावर पसरलं. सात साधी बोटं, झालर कुठेच नाही. मग तिनं वाकून बुंध्याजवळची माती बाजूला सारली. कलमाच्या गाठीवर सफाईनं कापलेलं थोटूक होतं आणि सगळा हिरवा पसारा गाठीच्या खालून फुटलेला.

"सर, हा तर कलमाखालचा नुसता खुंट वाढलाय," ती चाचरत म्हणाली. "कलम कुणी कापलं?"

सरांना सगळं आठवलं. थंडीत पानं झडली, तेव्हा वरच्या बारीक काड्या वाळल्या असं समजून त्यांनीच कात्री चालवली होती. खुंटाची फूट वेळीच खुडा, नाहीतर ती कलमाला खाते, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि तीच फूट या शहाण्यानं खतपाणी घालून लाडानं वाढवली.

"माळ्यानं," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

वहिनींनी तडक फोन काढला. "थांबा, त्याला आता चांगली फैलावर घेते. पुन्हा या फाटकात पाऊल ठेवायचं नाही म्हणावं!"

पलीकडे घंटा वाजू लागली. नर्सरीवाली त्या तिरक्या कापाकडे बघत होती. तसा काप घ्यायला तिला सरांनीच शिकवलं होतं. तिनं एकदा सरांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"वहिनी, ठेवा तो फोन," सर म्हणाले. "मी कापलं."

"बोला ताई," पलीकडून माळी म्हणाला. "काही नाही, चुकून लागला," म्हणत वहिनींनी फोन ठेवला.

"झाडाचं मी सोसलं असतं, भावोजी. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या गरिबाचं नाव कशाला घेतलंत?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान काही वर होईना.

"त्यानंच बजावलं होतं," ते कसंबसं म्हणाले. "दोनदा. काड्या जिवंत आहेत, कापू नका म्हणून."